निंबारपाड्याच्या मुली

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या सकाळी मी दहावीच्या वर्गात शिरलो, तर डावीकडची बाकं रिकामी होती. उजवीकडे मुलं बसली होती, सुट्टीत उन्हानं रापलेली, डोक्याला तेल चोपडून आलेली. डावीकडे नुसती धूळ.

"मुली कुठायत रे?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "नाही आल्या, सर."

"ते दिसतंय मला. का नाही आल्या?"

मुलांनी पुस्तकात डोकी घातली. नववीत डोकावलो, तिथंही तेच. आठवीत चारदोन होत्या, त्याही दाराजवळ अंग चोरून बसलेल्या, जणू अजून राहायचं की जायचं हे ठरलेलं नाही.

ही गोष्ट हातझिरीच्या आश्रमशाळेतली. सातपुड्याच्या पोटात, डांबरी रस्ता संपतो तिथं आमची शाळा होती. आसपासच्या पाड्यांवरची पावरा आणि भिल्ल मुलं तिथंच राहून शिकायची. मी धुळ्याचा. इंग्रजी शिकवायला लागून मला दुसरंच वर्ष होतं आणि दहावीचा वर्गशिक्षक म्हणून पहिलंच. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. त्यामुळे ती रिकामी बाकं मला परवडणारी नव्हती.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. शालिनी गावित त्यांचं नाव. दिवाळीच्या थोड्याच आधी त्या बदलून आल्या होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, कायम सुती साडीत. त्या नवापूरकडच्या, स्वतः आदिवासी, अशाच एका आश्रमशाळेत शिकून वर आलेल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या फार कमी बोलत. आधीचे मुख्याध्यापक दणदणीत आवाजाचे होते. प्रार्थनेला उभे राहिले की मैदानापलीकडची गुरंसुद्धा मान वर करायची. त्यांच्यानंतर या बाई म्हणजे आम्हाला जरा फिक्याच वाटल्या होत्या.

"मुली का आल्या नाहीत?" मॅडमनी विचारलं.

बेडसे सर आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. गणित शिकवायचे. ते म्हणाले, "मॅडम, दर साली होतं हे. लग्नं लावून दिली असतील, नाहीतर गुजरातेत मजुरीला गेल्या असतील. एक नोटीस काढू. ताबडतोब हजर व्हा, नाहीतर नाव कमी. मग हलतात बरोबर."

"गेल्या वर्षी काढली होती?"

"काढली होती की."

"मग आल्या?"

बेडसे सर चष्मा पुसायला लागले.

"नोटिशीचं नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "आधी मी जाऊन येते."

"कुठं?"

"त्यांच्या घरी."

"निंबारपाड्याला? मॅडम, तिकडं गाडी जात नाही."

"पाय जातात ना?" मॅडम माझ्याकडे वळल्या. "अहिरराव सर, तुम्ही वर्गशिक्षक. उद्या सकाळी निघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वाट सागाच्या जंगलातून चढत होती. मॅडमच्या पायात साध्या रबरी चपला होत्या, पण त्या माझ्यापुढं चालत होत्या. चढावर मला धाप लागली की त्या काही न बोलता थांबत, एखादं झाड बघत उभ्या राहत, आणि माझा श्वास जागेवर आला की पुढं निघत. मी वाटभर मनात भाषण जुळवत होतो. शिक्षणाचं महत्त्व, बोर्डाची परीक्षा, बालविवाहाचा कायदा, सगळं क्रमानं.

निंबारपाडा म्हणजे उतारावर विखुरलेली घरं. बांबूच्या कुडाच्या भिंती, वर कौलं. पहिल्याच अंगणात मला माझ्या वर्गातली रमिला दिसली. रमिला पावरा. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसायची आणि इंग्रजीचे धडे घडाघडा वाचायची. ती ओसरीवर पाचसहा लहान पोरांना घेऊन बसली होती आणि त्यांच्याकडून पाढे म्हणून घेत होती.

ना लग्न झालेलं, ना गुजरात. मांडीवर पाटी घेऊन माझी विद्यार्थिनी मास्तरकी करत होती.

आम्हाला बघून ती उठली. "नमस्ते सर, नमस्ते मॅडम," म्हणाली, आणि आत निघून गेली.

तिचे वडील दिलवर पावरा घरामागून आले. हातात लाकूड तासायचा वाकस होता, अंगावर भुसा. परिसरातली घरं बांधायला त्यांनाच बोलावतात, हे मला नंतर कळलं. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं, कोरा चहा ठेवायला सांगितला. मराठी ते थांबत थांबत बोलायचे.

"बाई, मी पाठवतो. ती जात नाही."

"का जात नाही?" मी विचारलं.

"सांगत नाही. तिची आई विचारून थकली. सगळ्याच पोरी तशा. ही म्हणाली नाही जायचं, तर कुणीच नाही गेली."

मी रमिलाला बाहेर बोलावलं. ती आली, खांबाला टेकून उभी राहिली. मी माझं जुळवलेलं भाषण सुरू केलं. मार्च महिना किती जवळ आलाय, वर्ष वाया गेलं की पुन्हा शाळेत यायला जड जातं, एवढी हुशार मुलगी तू. रमिला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. शेजारच्या घरांतून आणखी तिघीचौघी येऊन लांब उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांच्या माना खाली.

"कुणी मारलं का? जेवणात काही कमी आहे का?"

मानेनंच नाही.

"मग बोल ना! बोलल्याशिवाय कळणार कसं?"

आवाज जरा चढलाच माझा. रमिलानं एकदा वर पाहिलं, माझ्याकडे नाही, मॅडमकडे, आणि पुन्हा मान खाली घातली.

इतका वेळ मॅडम चहा पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला आणि दिलवरना विचारलं, "ज्वारी काढायची राहिलीय ना तुमची?"

"हो. वरचं शेत राहिलंय."

"अहिरराव सर, तुम्ही दिलवरभाऊंबरोबर बसा. घर कसं बांधतात ते बघा." मग मुलींकडे वळून म्हणाल्या, "चला गं, एक विळा मला द्या."

त्यांनी पदर खोचला आणि मुलींच्या मागून शेताकडे चालायला लागल्या. मी बघतच राहिलो. मुख्याध्यापिका म्हणून दोन शब्द सुनावतील, पालकांना समजावतील, असं मला वाटलं होतं. त्या चक्क कणसं खुडायला निघून गेल्या.

दिलवर लाकूड तासत बसले. मी अंगणातून वर शेताकडे बघत होतो. ताटांमध्ये मुलींची डोकी दिसायची, मधोमध मॅडमची पिवळी साडी. कुणी बोलताना दिसत नव्हतं. एक ओळ संपली, दुसरी संपली. सावल्या घरापासून सरकल्या. मग पाहिलं तर सगळी डोकी एका जागी थांबली होती. मॅडम ताटांत खाली बसल्या होत्या आणि रमिला त्यांच्यासमोर उभी राहून हातवारे करत बोलत होती. दुसरी मधेच काहीतरी सांगायची, मग तिसरी. लांबून मला फक्त हात हलताना दिसत होते.

बऱ्याच वेळानं सगळ्या खाली आल्या. मॅडमच्या हातांवर ज्वारीच्या पात्यांचे ओरखडे होते. दिलवरच्या घरच्यांनी आम्हाला भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. जेवताना मॅडम पिकाबद्दल बोलल्या, कौलांबद्दल बोलल्या. शाळेचं नावसुद्धा काढलं नाही. निघताना मुलींना "या" असंही म्हणाल्या नाहीत.

उतरताना मला राहवेना. "मॅडम, काही सांगितलं का त्यांनी?"

"सांगितलं."

"तुम्ही काय विचारलंत?"

"काही नाही. एवढ्यांदा विचारून झालं होतं ना त्यांना." त्या दगडांवर जपून पाय टाकत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "सर, तुम्ही आंघोळ कुठं करता?"

मी गोंधळलो. "खोलीवर. मोरी आहे."

"मोरीला दार आहे?"

"आहे की."

मॅडम पुढं चालू लागल्या. पण उरलेली वाट माझ्या डोक्यात तो एकच प्रश्न फिरत राहिला, आणि शाळेची कौलं दिसेपर्यंत मला अर्धंमुर्धं कळायला लागलं होतं.

शाळेत पोचल्यावर मॅडम सरळ वसतिगृहामागं गेल्या. मुलींची न्हाणीघरं तिथं होती. मी आणि बेडसे सर जरा अंतरावर उभे राहिलो. ओळीनं चार न्हाणीघरं. दारं एकालाही नव्हती. प्लायवूडची होती कधीतरी, ती पावसापाण्यानं कुजून गेली होती, आणि चौकटींवर खिळे ठोकून पोती लटकवलेली. त्यातलीही दोन फाटलेली.

"त्या इथं आंघोळ करत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "उजाडायच्या आत नाल्यावर जातात. आता नाल्यावर पुलाचं काम निघालंय. मजुरांच्या झोपड्या पडल्यात काठावर. त्यामुळं सुट्टीच्या आधी महिनाभर या पोरींनी आंघोळीला जाणंच टाळलं. पाळीच्या दिवसांतसुद्धा."

बेडसे सर जमिनीकडे बघायला लागले.

"घरी जाताना सगळ्यांनी मिळून ठरवलं. दारं लागल्याशिवाय यायचं नाही. आणि कुणाला सांगायचंही नाही, कारण आधीच्या सरांना सांगून झालं होतं."

"मॅडम, प्रस्ताव गेलाय वर," बेडसे सर हळू आवाजात म्हणाले. "आधीच्या सरांनीच पाठवला होता. मंजुरी यायचीय. आपल्या हातात काय आहे त्यात?"

मॅडमनी एक पोतं बाजूला करून आत पाहिलं.

"बघू या काय आहे आपल्या हातात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, वर्ग सुरू झाले, आणि ऑफिसकडून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. मी खडू हातात घेऊनच बाहेर आलो. आमचा शिपाई रतन स्टुलावर चढून मॅडमच्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या काढत होता. मॅडम खालून दार धरून उभ्या होत्या. अस्सल सागवानी दार, शाळा बांधली तेव्हाचं.

बेडसे सर धावत आले. "मॅडम, हे काय?"

"न्हाणीघराला लावतेय."

"अहो, मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार! सरकारी मालमत्ता आहे ही. कुणी तक्रार केली तर तुमच्या नोकरीवर येईल."

"येऊ दे की. मालमत्ता शाळेतच राहतेय, सर. इकडची तिकडं."

"पण तुमच्या खोलीला दार नको? कागदपत्रं असतात, कुणी येतं जातं..."

"कागदांना कपाट आहे. कपाटाला कुलूप आहे." मॅडमनी दाराचा भार दुसऱ्या खांद्यावर घेतला. "माझ्या खोलीत उघड्यावर करता येणार नाही असं मी काय करते, सांगा बरं?"

मी पुढं होऊन दाराला हात लावला. खरंच जड होतं.

"एक झालं," मॅडम म्हणाल्या. "अजून तीन लागतील. सामानाच्या खोलीचं काढता येणार नाही, धान्य आहे. प्रयोगशाळेची दोन्ही काढता येतील. आतल्या खोलीला वेगळं कुलूप आहे."

बेडसे सर आमच्याकडे पाठ करून निघाले. मला वाटलं, रागावून चालले. थोड्या वेळानं बघतो तर ते शिक्षकांच्या खोलीसमोर बाह्या वर करून उभे. "अहो अहिरराव, इकडं या. ह्या बिजागऱ्या गंजल्यात, तेल आणा जरा." मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी पोरगी नाशकात वसतिगृहात आहे. तिचं फोनवर रोज काहीतरी गाऱ्हाणं असतं. मी म्हणतो, ॲडजस्ट कर."

दुपारपर्यंत भिंतीला चार दारं टेकवून ठेवलेली होती, आणि शाळेतल्या चार चौकटी उघड्या पडल्या होत्या. मुलं येता-जाता थबकत होती. पण पुढची अडचण निघाली. दारं रुंद होती. न्हाणीघराच्या चौकटीत बसेनात.

"कापावी लागतील," रतन म्हणाला. "एकदा कापली की परत जागेवर नाही बसणार, मॅडम."

"परत बसवायचीच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "सर, तुम्ही उद्या परत निंबारपाड्याला जाल?"

"मुलींना घेऊन येऊ?"

"नको. फक्त रमिलाला निरोप द्या. म्हणावं, येऊन बघ. पटलं तर बाकीच्यांना सांग. नाही पटलं तर परत जा, मी काही म्हणणार नाही. आणि दिलवरभाऊंना सांगा, कापणी आटोपली असेल तर वाकस आणि करवत घेऊन या. लाकडाचं काम आहे."

मी एकटाच वर गेलो. या खेपेला मनात भाषण नव्हतं. निरोप जसा होता तसा सांगितला. रमिलानं विचारलं, "कुठली दारं, सर?"

"मॅडमच्या ऑफिसचं एक. आमच्या खोलीचं एक. दोन प्रयोगशाळेची."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वळून त्यांच्या पावरी बोलीत घरात काहीतरी ओरडली, आणि दिलवर आतून हत्यारांची पिशवी घेऊनच बाहेर आले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दिलवरनी दारं कापली, रंधा मारून चौकटीत बसवली. आतून कड्या लावल्या. रमिला बापाजवळ बसून सगळं बघत होती. काम संपल्यावर मॅडमनी तिला सांगितलं, "जा, बघ."

रमिला पहिल्या न्हाणीघरात शिरली. दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आम्ही सगळे बाहेर उभे. बेडसे सर, रतन, दिलवर, मी. परीक्षेच्या निकालालासुद्धा मी एवढा ताटकळलो नव्हतो. आतून काहीच आवाज येईना. मग कडी निघाली, रमिला बाहेर आली.

"कडी चांगली आहे," ती म्हणाली.

"पण?" मॅडमनी विचारलं.

"पण वरून दिसतं." तिनं बोट केलं. मुलांच्या वसतिगृहाचा गच्चीकडं जाणारा जिना उंचावर होता. तिथून न्हाणीघरांच्या भिंतींवरून थेट आत दिसत होतं. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

दिलवरनी पावरीत तिला काहीतरी म्हटलं. बहुधा एवढं केलंय, आता गप बस, असंच. मॅडमनी हातानं त्यांना थांबवलं.

"बरोबर आहे तिचं. काय करता येईल?"

"बांबूचं छप्पर," दिलवर म्हणाले. "आजच करतो."

"आणि?" मॅडमनी पुन्हा रमिलाला विचारलं.

रमिलानं जरा विचार केला. "नाल्याच्या वाटेवर जायचं नाही म्हणजे पाणी इथं यायला पाहिजे. टाकी मुलांच्या बाजूला आहे. मुलांच्या आंघोळी झाल्या की पाणी संपतं."

"मग?"

"आमचा नंबर आधी."

बेडसे सरांना हसू फुटलं. "घ्या! वेळापत्रकही हिनंच करावं आता."

"करेल की," मॅडम म्हणाल्या. "अहिरराव सर, तिच्याबरोबर बसा आणि पाण्याचं वेळापत्रक करून घ्या."

रमिला छप्पर पुरं होईपर्यंत थांबली आणि मग बापाबरोबर परत गेली. "येते," वगैरे काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिकवत होतो, पण माझं लक्ष सगळं खिडकीबाहेर, टेकडीच्या वाटेवर. दुपार झाली. कुणी दिसेना. मुलांनी धडा वाचताना चूक केली तरी मला कळलं नाही. मग खिडकीजवळच्या पोरानं हळूच म्हटलं, "सर, आल्या."

सागाच्या झाडांतून एकामागून एक मुली उतरत होत्या. डोक्यावर बोचकी, हातात पत्र्याच्या पेट्या. निंबारपाड्याच्याच नाही, वाटेवरच्या दुसऱ्या पाड्यांवरच्याही. सगळ्यांपुढे रमिला. अख्खा वर्ग खिडकीला चिकटला. मी त्यांना जागेवर बसा म्हणालो नाही, कारण मीही तिथंच उभा होतो.

पण गोष्ट तिथं संपली नाही. बेडसे सर म्हणाले होते तेच झालं. कुणीतरी तक्रार केली. मुख्याध्यापिकेनं शाळेची मोडतोड केली, सागवानी लाकूड कापलं, वगैरे. आणि नाताळाच्या सुमारास एक दिवस काही न कळवता आदिवासी विकास खात्याच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची जीप मैदानात येऊन उभी राहिली.

लोंढेसाहेब कडक म्हणून प्रसिद्ध होते. ते तडक ऑफिसपाशी आले आणि रिकाम्या चौकटीपुढं थबकले. आत मॅडम दोन लहान पोरांची भांडणं सोडवत होत्या. दार नाहीसं झाल्यापासून पोरं त्या खोलीत कधीही घुसायची. गृहपाठ दाखवायला, रडायला, पेन्सिल मागायला. आम्ही शिक्षकसुद्धा जाता-येता आत डोकावून बोलून जायचो. पूर्वी वर्षातून दोनदा त्या खोलीत पाय ठेवायचो.

"दार कुठंय?" साहेबांनी विचारलं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "या साहेब. बसा. सांगते."

"बसायला आलो नाही. लेखी तक्रार आहे तुमच्याविरुद्ध. सरकारी इमारतीची दारं कुणाच्या परवानगीनं काढलीत?"

बेडसे सर आणि मी चौकटीपाशी येऊन उभे होतो. बेडसे सर पुढं होऊन म्हणाले, "साहेब, एक दार मी काढलंय." मीही काहीतरी बोलणार होतो, पण मॅडमनी आमच्याकडे बघून मान हलवली.

"माझ्या परवानगीनं काढली, साहेब. या दोघांचा काही संबंध नाही. मी सांगितलं ते त्यांनी केलं. लेखी मागाल तर तेच लिहून देईन." मग त्या म्हणाल्या, "पण का काढली, ते मी सांगण्यापेक्षा जिनं मला सांगितलं तिनं सांगितलेलं बरं. तिची तयारी असेल तर. सर, रमिलाला विचारून या."

मी वर्गाकडे गेलो. रमिलाला सगळं सांगितलं. साहेब आलेत, रागावलेत, मॅडमनी विचारलंय, बोलशील का. नाही म्हणालीस तरी चालेल. ती उठली आणि माझ्याआधी चालायला लागली.

ऑफिसात ती साहेबांसमोर उभी राहिली. मला निंबारपाड्यातली ती खांबाला टेकलेली, माती उकरणारी पोरगी आठवली. आता तिनं मान वर ठेवली होती. मराठी अडखळत होतं, मधेच पावरी शब्द यायचा, मग ती थांबून मराठी शब्द शोधायची. पण तिनं सगळं सांगितलं. पोती सांगितली, नाला सांगितला, झोपड्या सांगितल्या. पाळीच्या दिवसांबद्दलही सांगितलं, तीन पुरुषांसमोर, आवाज न बदलता. मॅडम पूर्ण वेळ आपल्या खुर्चीत हात जुळवून बसल्या होत्या. तिला शब्द सापडेना तेव्हाही त्या मधे बोलल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. आणि प्रत्येक वेळी तिला तो शब्द सापडला.

लोंढेसाहेब ऐकता ऐकता केव्हा बसले ते माझ्या लक्षात आलं नाही. रमिला थांबल्यावर ते उठले.

"मला ती न्हाणीघरं बघायचीत," ते म्हणाले.

"चला," रमिला म्हणाली.

आम्ही सगळे मागं गेलो. चारी दारं बंद होती. साहेब पहिल्या दारापाशी गेले आणि तिथंच थांबले. दिलवरनी दार कापलं होतं ते कडेनं. मधला रंग तसाच राहिला होता. निळ्या रंगावर पांढरी ठळक अक्षरं, 'मुख्याध्यापक', आणि त्याखाली 'परवानगीशिवाय आत येऊ नये'.

साहेबांनी ते वाचलं. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले.

"उघडून बघू?" त्यांनी रमिलाला विचारलं. मॅडमना नाही, रमिलाला.

"थांबा, आधी मी बघते." रमिलानं दाराला कान लावला. आतून तांब्याचा आवाज आला. "आत कुणीतरी आहे, साहेब. वाट बघावी लागेल."

"बघतो की," प्रकल्प अधिकारी म्हणाले, आणि दोन पावलं मागं सरून उन्हात उभे राहिले. बेडसे सर त्यांच्याशेजारी उभे राहिले. मग मी. आत पाणी पडत होतं. एक पोरगी, कुठली ते आम्हाला ठाऊक नव्हतं, काहीतरी गुणगुणत होती. बाहेर कोण थांबलंय याची तिला कल्पनाच नव्हती, आणि तिला घाई करायला कुणीही सांगितलं नाही.